अधिक दोन

“चौदा!”

काकांनी मीटरच्या काचेवरून रुमाल फिरवला, नाक काट्याला टेकेल इतके जवळ गेले आणि भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून आकडा पलीकडे लॅबमध्ये फेकला. क्षणभर काहीच नाही. मग पलीकडचे सगळे गळे एकदम उघडले.

“अधिक दोन!”

आणि त्यामागून हसू. हिरोचं सर्वांत मोठं, बाकीच्यांचं त्याच्या आधाराने. ताईंचंही होतं, पण दबकं, तोंडावर हात धरलेलं. कोणीतरी फळ्यावर ‘सोळा’ लिहिलं, यंत्रं घरघरायला लागली आणि हॉस्पिटलच्या लॅबचा दिवस सुरू झाला.

ही प्रथा कोणी पाडली हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. लॅबशेजारच्या अंधाऱ्या खोलीत पाणी शुद्ध करणारा जुना प्लांट होता. टाकी, पंप, गाळणीची उभी नळकांडी आणि भिंतीवर तडकलेल्या काचेचा मीटर. रक्ताच्या तपासणीची औषधं या पाण्यात कालवायची असत. मीटरचा आकडा जितका मोठा तितकं पाणी शुद्ध. पंधराच्या खाली गेलं की ते पाणी वापरायचं नाही, आधी नळकांड्यांतली कार्ट्रिज बदलायची, असा साधा नियम. पण मीटर म्हातारा झाला आणि दोनाने कमी दाखवायला लागला. तो बदलून मिळावा म्हणून काकांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, वरच्या ऑफिसचे जिने झिजवले. तिथून उत्तर एकच यायचं. दोनाचाच फरक आहे ना, मग दोन मिळवा की.

म्हणून मिळवायला लागले. काटा दाखवेल तेवढंच काकांनी ओरडायचं आणि दोन लॅबवाल्यांनी मिळवायचे. नव्या माणसाने विसरू नये म्हणून ते मोठ्याने म्हणायचे. त्याचं गाणं झालं, गाण्याची थट्टा झाली आणि थट्टा होता होता ते काकांचं नाव होऊन बसलं. काम असलं की ‘काका’, नसलं की ‘अधिकदोन’. कँटीनमध्ये अधिकदोन, पगाराच्या दिवशी अधिकदोन. लिफ्टवालासुद्धा मजला विचारताना म्हणायचा, “कितवा? अधिक दोन?” आणि स्वतःच हसायचा.

सुरुवातीला काकांना ते आवडलंही होतं, हे खरं आहे. आपण ओरडावं आणि भरल्या खोलीने उत्तर द्यावं, असं त्यांच्या आयुष्यात दुसरीकडे कुठे होत नव्हतं. बायको लवकर गेली. घरात एक मुलगी, तीही कामापुरतं बोलणारी. तिच्या वेण्या घालून, तिचा डबा भरून, तिला शाळेच्या फाटकात सोडून ते कामावर यायचे, आणि दिवसभरात त्यांचा आवाज मोठा व्हायचा तो या एकाच वेळी. हळूहळू त्यातली गोडी गेली. पण आता कोणाला सांगणार? गंमत पचवता न येणाऱ्या माणसाची तर जास्तच गंमत होते.

त्या दिवशी मात्र आकडा ओरडून झाल्यावर ते खिडकीपासून हलले नाहीत.

“जरा ऐकता का सगळे?”

“बोला अधिकदोन!” हिरो म्हणाला. हिरो म्हणजे लॅबमधला मुख्य टेक्निशियन, केसांना सतत हात लावणारा, साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करणारा. तो दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

“सोमवारपासून माझी मुलगी येतेय. तुमच्यातच. शिकाऊ टेक्निशियन म्हणून.”

“अरे वा! मग आता अधिक तीन म्हणायचं का?”

खोली हसली. काकाही हसले, कारण न हसून चालत नव्हतं.

“तेच सांगतोय,” ते म्हणाले. “ती इथं असताना ते नाव नको. पोरीसमोर बरं दिसत नाही हो. तिची ऑर्डर सहा महिन्यांनी निघणार, कायमची नोकरी आहे. तोवर मी पण रिटायर होईन. एवढं माझं ऐका.”

ताईंना वाईट वाटलं. ताई लॅबमध्ये सर्वांत जुन्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, काकांना सर्दी झाली की पर्समधून गोळी काढून देणाऱ्या. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे काकांचं. नाही म्हणायचं रे आता.”

“नाही म्हणणार, ताई. शप्पथ,” हिरो म्हणाला आणि ताईंच्याच गळ्याला हात लावला. पुन्हा हशा.

सोमवारी मुलगी नवा पांढरा कोट घालून मागच्या रांगेत उभी राहिली. कोटाची घडी अजून मोडली नव्हती. काकांनीच रात्री इस्त्री केली होती. सकाळी त्यांनी मुद्दाम आवाज लहान केला. ओरडले नाहीत, नुसतं सांगितलं, “साडेतेरा.” उत्तर आलं ते भिंत हलेल असं. शपथ घेतलेल्या माणसांना ती मोडायची किती हौस असते, ते त्या दिवशी दिसलं. मुलीने मान खाली घातली आणि परीक्षानळ्यांवर चिकटपट्ट्या लावत राहिली.

संध्याकाळी बसमध्ये ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला सगळे असंच म्हणतात?”

“चालायचंच. गमतीतली माणसं आहेत.”

“मला आज ‘छोटी अधिकदोन’ म्हणाले.”

काका खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी एक स्टॉप आधी उतरून चालत यायला लागली. व्यायाम होतो म्हणाली. काकांनी विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. पुढे काही दिवसांनी सकाळच्या त्या कोरसमध्ये त्यांना एक नवा आवाज ऐकू आला. बारीक, बाकीच्यांच्या किंचित मागून येणारा. गर्दीत लेकीचा आवाज बापाला वेगळा काढावा लागत नाही. ते मीटरची काच पुसत राहिले, ती पुसायची गरज नसताना.

रागावले का? नाही. चार लोकांत राहायचं तर चार लोकांसारखं बोलावं लागतं, हे त्यांनीच तिला लहानपणापासून शिकवलं होतं.

प्लांटची वर्षाची देखभाल करायला मेकॅनिक आला तेव्हा लॅबच्या मोठ्या मॅडम परगावी गेल्या होत्या. मेकॅनिक तोंडात स्क्रू धरून बोलणारा माणूस. त्याने पाण्यात बुडलेला मीटरचा सेन्सर बाहेर ओढला आणि त्याची वायर त्याच्या हातातच तुटून आली.

“गेला हो हा, काका. कुजलाय पार.”

“मग आता?”

“मग काय, माझ्या पिशवीत एक आहे. दुसऱ्या हॉस्पिटलच्या मशीनचा उरलेला. चांगला आहे.” त्याने तो बसवला, आपल्या हातातल्या छोट्या मीटरने पाणी तपासलं, भिंतीवरच्या काट्याकडे बघितलं आणि खूश झाला. “बघा. दोन्हीकडे सोळा. आता हा खरं बोलतो. ते तुमचं अधिक दोन का काय, ते बंद करा आता.”

काकांना काय वाटलं असेल! इतक्या वर्षांचे जिने झिजवून जे झालं नाही ते एक कुजकी वायर तुटल्याने झालं होतं. मीटर खरा झाला होता आणि त्याबरोबर ते नावही जाणार होतं. पोरीची ऑर्डर निघायच्या आधी. त्यांनी मेकॅनिकला स्वतःच्या डब्यातलं अर्धं जेवण खायला लावलं. मेकॅनिकने कामाची पावती वरच्या ऑफिसात दिली. तिथे गेलेला कागद परत खाली आलेला लॅबमध्ये कोणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी काका आधी खिडकीपाशी गेले आणि मग मीटरकडे.

“ऐका. सेन्सर नवीन बसलाय. काटा आता बरोबर दाखवतो. आजपासून दोन मिळवायचे नाहीत. सोळा म्हणजे सोळाच.”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग हिरोने हळूच टाळी वाजवली.

“मानलं काका तुम्हाला! काय शक्कल आहे! नाव बंद व्हावं म्हणून मीटरच नवा केला?”

“अरे, खरंच सांगतोय. मेकॅनिक आला होता काल.”

“मग मीटर तर तोच दिसतोय,” कोणीतरी खिडकीतून डोकावून म्हणालं. “काच पण तीच फुटकी.”

“आतला सेन्सर बदललाय. पाण्यातला.”

“हो हो, पाण्यातला! पाण्यातलं कोणाला दिसतंय!” हिरो म्हणाला. त्याने हात वर केला आणि वाद्यवृंदाच्या पुढे उभ्या असलेल्या माणसासारखा खाली आणला.

“अधिक दोन!”

फळ्यावर ‘अठरा’ लागले. “काय पाणी आहे आज!” असंही कोणी म्हणालं.

चूक कशी झाली ती एवढीच. मीटर खोटं बोलत होता तेव्हा सगळ्यांना त्याचं खोटं पाठ होतं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. तो खरं बोलायला लागला, आणि ते सांगणारा माणूस असा की ज्याच्या बोलण्यावर न हसणं तिथे कोणाला माहीतच नव्हतं.

काका ताईंकडे गेले. जेवणाच्या सुट्टीत, त्या एकट्या असताना.

“ताई, तुम्ही तरी ऐका. मीटर खरंच बदललाय.”

ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, मुलगी आल्यापासून तुम्ही फार मनाला लावून घेताय. हसून सोडून द्या हो. जितकं चिडाल तितकं ते चिडवतील.”

“चिडलो नाही ताई. पाण्याचं सांगतोय.”

“कळतं मला,” ताई म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्याला कळतं.

मॅडम परत आल्या तेव्हा काका त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. मॅडमच्या एका कानाला फोन होता, दुसऱ्या हातात सह्यांचे कागद. “मॅडम, ते अधिक दोन...” एवढंच काका म्हणाले असतील. मॅडमनी फोनवर हात ठेवला आणि हसून म्हणाल्या, “मला सांगितलंय ताईंनी. मी बोलते हिरोशी. तुम्हाला कोणी चिडवणार नाही. जा तुम्ही.” काका पुढे म्हणाले, “नाही मॅडम, मीटर...” पण मॅडम पुन्हा फोनमध्ये गेल्या होत्या आणि हाताने ‘जा’ म्हणत होत्या. त्या हाताला उलटून बोलायची सवय काकांना नव्हती.

मॅडम हिरोशी खरंच बोलल्या. हिरोने दोन दिवस काकांना ‘श्रीयुत अधिकदोन’ म्हटलं.

आकडा उतरायला लागला. सोळाचे पंधरा झाले, पंधराचे साडेचौदा. काकांनी रोज सांगितलं आणि रोज हशा झाला. कार्ट्रिज संपत आली होती. एके सकाळी काटा तेरावर आला. काकांनी तो ओरडून सांगितलाच नाही. पाण्याचा मुख्य वॉल्व्ह बंद केला आणि स्टुलावर बसून राहिले. पलीकडे यंत्रं कोरडी पडली, कोणीतरी शिव्या दिल्या. हिरो स्वतः आला नाही. त्याने मुलीला पाठवलं.

ती दारात उभी राहिली. कोटाच्या खिशावर तिचं ओळखपत्र लटकत होतं. त्यावर ‘शिकाऊ’ लिहिलेलं.

“बाबा, वॉल्व्ह उघडा.”

“पाणी खराब आहे पोरी. तेरा आहे. कार्ट्रिज बदलायला हवी. स्टोअरमधून काढायला हिरोची सही लागते, त्याला सांग.”

“ते म्हणतात तेरा अधिक दोन पंधरा. चालतं म्हणतात. वॉर्डातली सँपल्स येऊन पडलीत. मॅडम ओरडतायत.”

“अगं पण दोन नाहीत आता! तुला तरी कळायला नको? मी खोटं कशाला बोलेन?”

ती जवळ आली. तिचा आवाज बारीक झाला, रडायच्या आधी होतो तसा. “माझ्यासाठी. मला माहितीये बाबा. मला चिडवू नये म्हणून तुम्ही हे चालवलंय. पण त्याने उलट होतंय. सगळे म्हणतात, बापाला गंमत कळत नाही, पोरीला तरी कळते का बघू. माझ्या कामाचा रिपोर्ट हिरो लिहिणार आहेत. या महिन्यात ऑर्डर निघायचीये. उघडा ना. पाया पडते तुमच्या.”

आपली लेकच आपलं बोलणं खोटं समजते, आणि तेही प्रेमापोटी बोललेलं खोटं. काकांनी तिच्याकडे बघितलं. ती खरंच वाकायला लागली होती. तिला धरायला ते उठले आणि उठल्यावर त्यांचा हात वॉल्व्हवर गेला. चाक फिरलं. पाणी पाइपातून खळखळत पलीकडे गेलं.

“किती सांगू त्यांना?” तिने डोळे पुसत विचारलं.

“तेरा,” काका म्हणाले. “तेराच सांग.”

ती गेली. पलीकडून तिचा आवाज आला, “तेरा!” आणि मग बाकीच्यांचा.

त्या आठवड्यात वॉर्डात गळ्याचं ऑपरेशन झालेली एक बाई होती. दोन लहान मुलांची आई. अशा ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, म्हणून ते रोज तपासतात. खराब पाण्यातल्या कॅल्शियमने तिचे रिपोर्ट भरून काढले. उतरलेलं सगळं कागदावर ठीक दिसत होतं. तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या, ती सांगतही होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, घाबरू नका, सगळं नॉर्मल आहे. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले आणि ती गेली. तिचा नवरा लॅबच्या दारात येऊन उभा राहिला होता. ओरडला नाही. ‘पाणी कुठलं वापरता?’ एवढंच विचारत होता, कारण कोणीतरी त्याला पाण्याचं सांगितलं होतं. त्याला वॉचमनने खाली नेलं.

चौकशीला बाहेरून एक साहेब आले. जाडसर, शांत, स्वतःचं पेन वापरणारे. त्यांनी आपला मीटर टाकीत बुडवला. बारा. भिंतीवरच्या काट्याकडे पाहिलं. बारा.

“मीटर तर चोख आहे,” ते म्हणाले. “मग फळ्यावर पंधरा-पंधरा कुठून आले?”

लॅबमधले सगळे ओळीने उभे होते. मॅडम टेबलाच्या कडेला. हिरोने केसांना हात लावला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच.

“सर, आम्हाला खिडकीतून आकडा सांगतात. सांगतात तो आम्ही लिहितो,” तो म्हणाला.

“म्हणजे हे पंधरा म्हणाले?”

“फळ्यावर पंधरा आहे म्हणजे तेच म्हणाले असतील, सर.”

काकांना आधी कळलंच नाही. मग ते पुढे आले. “साहेब, मी तेराच म्हणालो. दोन यांनी मिळवले. जुना मीटर दोन कमी दाखवायचा ना, ती सवय आहे. मी सांगितलं होतं सगळ्यांना, सेन्सर बदललाय म्हणून. रोज सांगितलं. ताई, सांगा ना.”

ताईंनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने पुसायला घेतला. “पूर्वी गमतीत असं काहीतरी म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “अलीकडचं मला नीट आठवत नाही.”

मॅडम म्हणाल्या, “माझ्याकडे ते एकदा आले होते. पण ते कोणी चिडवतं त्याबद्दल होतं. मीटरबद्दल माझ्याशी कोणी बोललेलं नाही.”

साहेबांनी काकांकडे बघितलं. तसे ते वाईट नव्हते. त्यांना फक्त संध्याकाळपर्यंत एक नाव हवं होतं. “वॉल्व्ह कोण उघडतं?”

“मी साहेब.”

“तेरा दिसत असताना त्या दिवशी तुम्ही उघडलात?”

मागच्या रांगेत पांढऱ्या कोटाची किंचित हालचाल झाली. काकांनी तिकडे बघितलं नाही.

“उघडला साहेब. मीच उघडला.” आणि मग त्यांना ते सुचलं. इतकं सोपं होतं की त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. “साहेब, एक करता का? तुम्ही इथेच उभे राहा, यांच्यात. मी आत जातो आणि रोजच्यासारखा आकडा ओरडतो. नुसता आकडा. मग काय होतं ते तुम्हीच तुमच्या कानांनी ऐका. मी सांगायला नको, त्यांनी सांगायला नको. इतक्या वर्षांची सवय आहे साहेब, आपोआप येतं ते. अडवून अडवत नाही.”

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

काका प्लांटच्या खोलीत गेले. दिवा लावला. खिशातून रुमाल काढून तडकलेल्या काचेवरून फिरवला, डावीकडून उजवीकडे, नेहमीसारखा. काट्याजवळ नाक नेलं. घसा साफ केला, आणि कित्येक दिवसांत ओरडले नव्हते तसे पूर्ण छाती भरून ओरडले.

“बारा!”

आणि थांबले.

पंप घुं घुं करत होता. पाइपातून थेंब पडत होते. पलीकडे काहीच नाही. काकांनी कान खिडकीकडे केला. अजून येईल, त्यांना वाटलं. हिरो नेहमी एक श्वास उशीर लावतो, मजा यावी म्हणून. तो श्वासही गेला. पलीकडे सगळी माणसं होती, त्यांच्या बुटांची चुळबुळ ऐकू येत होती, आणि सगळी मूग गिळून उभी होती. रोज ज्यांची तोंडं शपथ घालूनही बंद झाली नाहीत, ती आज साहेबांच्या एका नजरेसरशी बंद झाली होती.

मग त्यांना एक आवाज आला. अगदी बारीक. कोणीतरी बोलायला श्वास आत घेतला, आणि तो बाहेर न सोडता गिळला. दुसऱ्या कोणाला ऐकूही आला नसता. हे पोर लहानपणी उलट उत्तर द्यायच्या आधी असाच श्वास घ्यायचं, आणि काकांनी डोळे मोठे केले की असाच गिळायचं.

काकांनी दिवा मालवला आणि बाहेर आले.

“झालं?” साहेबांनी विचारलं.

“झालं साहेब.”

“तुमच्या बाजूने सांगणारं कोणी आहे? कोणीही? असेल तर आत्ता सांगा. नंतर मला काही करता येणार नाही.”

काकांनी ओळीवरून नजर फिरवली. ताईंचा चष्मा अजून पुसून झाला नव्हता. हिरो छताकडे बघत होता. शेवटी उभ्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती सरळ त्यांच्याकडेच बघत होती. विचारा, असं ते डोळे म्हणत होते, की विचारू नका, हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

“कोणी नाही साहेब,” ते म्हणाले.

निवृत्ती तोंडावर आली असताना काकांना कामावरून काढलं. निष्काळजीपणा, असं पत्रात होतं. मुलीची ऑर्डर त्याच महिन्यात निघाली. तिने ती त्यांच्यासमोर ठेवली आणि घरात थांबली नाही, गॅलरीत जाऊन उभी राहिली. काकांनी ती दोनदा वाचली. “चांगलं झालं,” त्यांनी आतून सांगितलं. दोघांनी जेवताना त्याबद्दल काही काढलं नाही आणि मग कधीच काढलं नाही. ती आता एक स्टॉप आधी उतरत नव्हती. तशी गरज राहिली नव्हती.

एका सकाळी ती डबा विसरून गेली. भरून ओट्यावर ठेवलेला तसाच राहिला होता. काकांनी पायात चपला सरकवल्या. हॉस्पिटलच्या फाटकातून आत जाताना त्यांना कोणी अडवलं नाही. ते वर लॅबच्या मजल्यावर आले आणि बंद दाराशी थांबले. आत जायचं त्यांच्या मनात नव्हतं. कोणी शिपाई दिसला तर त्याच्या हातात द्यायचा, एवढंच.

आतून, प्लांटच्या खोलीतून, मुलीचा आवाज आला. मोठा, स्वच्छ. मीटर आता तिच्याकडे दिला होता, हे तिने घरी सांगितलं नव्हतं.

“अठरा!”

नव्या कार्ट्रिजचं पाणी. याहून शुद्ध पाणी त्या यंत्रातून निघतच नाही. काका एक श्वास थांबले.

“अधिक दोन!”

पलीकडून सगळे गळे एकदम उघडले. मग हसू. हिरोचं सर्वांत मोठं, ताईंचं दबकं. “वीस! छोटी अधिकदोन, वीस!” कोणीतरी ओरडलं. आणि मग त्या हसण्यात मुलीचं हसूही मिसळलं, सर्वांच्या किंचित मागून येणारं.

डब्याच्या झाकणाला वाफेचं पाणी लागलं होतं. काकांनी रुमालाने ते पुसलं, डावीकडून उजवीकडे, आणि डब्याची पिशवी दाराच्या कडीला अडकवली. आवाज होऊ नये म्हणून ती हाताने धरून स्थिर केली.

लिफ्ट आली. लिफ्टवाल्याने त्यांना बघितलं आणि स्टुलावरून थोडा उठल्यासारखा झाला.

“कितवा, काका?” त्याने विचारलं, आणि पुढे काही म्हणाला नाही.

काका सवयीने थोडं थांबले.

“खालीच,” ते म्हणाले.